नळीतली हळद

आमच्या माजघरात खुंटीवर एक रायफल आहे. तिच्यानं आता समोरच्या भिंतीवरचा सुपाएवढा नेमसुद्धा धरवत नाही. पुतणे म्हणतात, आबा, भंगार आहे, सरकारजमा करा आन् लायसनची कटकट मिटवा. मी करत नाही. का करत नाही ते आजवर कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर बोल एका बाईला लागला असता आणि ते मला चाललं नसतं. आता माझ्या बरोबरीचं कुणी उरलं नाही, म्हणून लिहितो. शाळा मी तिसरीपर्यंत केली, तीही रडतखडत. ज्याला शुद्धलेखन बघायचं असेल त्यानं इथंच थांबावं.

रायफल म्हटली की लोकांना डुक्कर आणि वाघ आठवतो. ही तसली नव्हे. पॉइंट टू-टू बोअरची, एका वेळी एकच काडतूस घेणारी, निव्वळ नेमबाजीसाठी विलायतेत बनवलेली. काडतूस करंगळीच्या पेरापेक्षा बारीक. मोठ्या बंदुकीच्या काडतुसाला बुडाशी मधोमध टोपी असते, ठोका तिच्यावर बसतो. हिच्या काडतुसाला टोपीच नाही. बुडाच्या कडेवर ठोका बसला की काम झालं. आवाज वाळकी काटकी मोडल्यासारखा, धक्का जवळजवळ नाहीच. डुकराला मारली तर डुक्कर हसेल. पण वजन थोरल्या बंदुकीएवढं, कारण नळी जाड. जाड नळी हलत नाही आणि न हलणारी नळी खोटं बोलत नाही.

बेळगावला पलटणीत असताना आमच्या साहेबाला चांदमारीचं वेड होतं. मी त्याची निशाणं बदलायचो, बंदुका पुसायचो. एकदा त्यानं गंमत म्हणून ही माझ्या हातात दिली. मी पाच गोळ्या टाकल्या. त्यानं निशाणाचा कागद काढून आणला, खिशातला रुपया काढून त्या भोकांवर ठेवला, आणि सगळी भोकं रुपयाखाली झाकली. दुसऱ्या दिवसापासून निशाणं बदलायला दुसरा माणूस लावला. कायमचा विलायतेला जाताना साहेब ही मला देऊन गेला. वडलांच्या नावावर पीकराखणीचं लायसन होतं, त्यात त्याच्या शिफारशीनं हिची नोंद झाली. पलूसजवळच्या आमच्या गावी मी परत आलो तो एका खांद्यावर ट्रंक आणि दुसऱ्या खांद्यावर ही घेऊन. गावानं आधी रायफलीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

आमच्या उसामागं कृष्णेची उंच दरड आहे. तिथं माझी चांदमारी. दरडीच्या ओल्या मातीत चिंचोका खोचायचा आणि पन्नास पावलांवर पालथं पडायचं. श्वास अर्धा सोडायचा, अर्धा ठेवायचा. चाप ओढायचा नसतो, व्यालेल्या गाईच्या सडाला हात लावतो तसा हळूहळू दाबत जायचा. गोळी कधी सुटली ते आपल्यालाही कळता कामा नये. नदीवरून वारा आला की उसाची पाती कुठल्या अंगाला वाजतात ते ऐकायचं आणि तेवढी नळीच्या टोकावरची माशी बाजूला घ्यायची. रायफलीचेही नखरे असतात. हिला एकाच पेटीतली काडतुसं लागायची, दुसरी घातली की रुसायची. पुसल्यावर पहिली गोळी जरा वर जायची. ते मला माहीत होतं, म्हणून पहिली मी दरडीला देऊन टाकायचो.

आणि पुसायचं ते माझ्याच हातानं. गजाला चिंधी लावून, तेलाचं बोट फिरवून, मागून पुढं. पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. मग नळीतून आभाळाकडं बघायचं. आतले पीळ उजेडात गरगर फिरत लांब जायचे, चांदीचं वाळं घरंगळत गेल्यासारखे.

माझी बायको सांगलीकडची, हळद पिकवणाऱ्या घरातली. तिच्या लुगड्याच्या पदराला धुतला तरी पिवळी झाक असायची. तिच्या माहेरी हळद म्हणजे औषधही आणि देवही. बैलाचा खांदा सोलला तर हळद, विळा लागला तर हळद, घरात कुणाचं बिनसलं तरी दुधात घालून हळदच. मी दरडीला गेलो की ती न्याहारी घेऊन यायची आणि बांधावर बसून राहायची. मी चिंचोका उडवला की पळत जाऊन तुकडे शोधायची.

"त्या चिंचोक्यानं तुमचं काय वाकडं केलंय वं?" असं ती एकदा म्हणाली.

"सवय ऱ्हावी म्हणून मारतो."

"मग मला नका सवय लावू. भाकरीत खडा लागला की मला बी आता वाटतंय, नेम धरावा."

लग्नानंतरची पहिली खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं अंगणात काढतात. नांगराचा फाळ, कुऱ्हाडी, विळे, कोयते, आजोबांची तलवार. सगळं घासून धुवायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूची फुलं वाहायची. न धुता हत्यार पूजेला मांडणं म्हणजे पारोशा माणसानं देवाला शिवणं. तिनं सगळं धुतलं आणि ओल्या हातानं रायफलीकडं वळली. मी आडवा गेलो.

"हिला न्हाई."

"का? ही काय सोवळ्यातली हाय?"

"हिला मी बघतो."

मी लाकडी दस्त्यावर हळदकुंकवाचं एक बोट लावलं आणि रायफल आत नेली. ती गालातल्या गालात हसली आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, सवत बिनआंगुळीची हाय."

त्याच साली दिवाळीनंतर साताऱ्याला कवायतीच्या मैदानावर चांदमारी भरली. पेन्शनर आणि लायसनवाले कुठनंकुठनं आले होते. बक्षीस चांदीचा पेला. शेवटी दोघंच उरलो, मी आणि मेढ्याचा एक हवालदार. उंच गडी, मिशा जावळीच्या रानासारख्या, तोंडानं फटकळ. त्याची रायफल माझ्यासारखीच टू-टूची होती. एका गोळीनं मी हरलो. तो हातात पेला नाचवत म्हणाला, "पलूसच्या गड्या, उसाला पानी पाजून यायचं व्हतं की रं, घाई केलीस!" मी म्हणालो, "पुढच्या खेपेला हीच रायफल घिऊन येतो. तू तो पेला घासून ठिव."

घरी आल्यावर बायको म्हणाली, "वारा आला आसंल."

"वारा दोगांस्नी सारखाच व्हता."

"मग पुढच्या खेपेला. पेला आला की त्यातच हळदीचं दूध दीन तुमाला. सातारकरांस्नी कळू दे."

पुढची खेप आली नाही. लढाई लागली आणि पलटणीनं सुटलेल्या माणसांना परत बोलावलं.

निघायच्या दिवशी दारात बैलगाडी उभी होती. बायको माजघरात रायफलीखाली उभी राहिली. रडू येऊ नये म्हणून मीच कडक आवाज काढला. "माझ्या मागं हिला कुनाचा हात लागता कामा नये. वडलांचा न्हाई, भावाचा न्हाई."

"आन् माझा?"

"तुझा चालंल."

"खंडेनवमीला?"

बैल पाय आपटत होते, भाऊ बाहेरून हाका मारत होता. मी म्हणालो, "रीतीपरमानं कर."

आफ्रिकेची वाळू झाली, मग इटलीचा चिखल. लढाईचं मी काही लिहिणार नाही, ते लिहिणारे शिकलेले पुष्कळ आहेत. मला लिहिता येत होतं तरी कार्ड टाकायचा कंटाळा होता. खुशाली एका ओळीची, तिच्यासाठी एवढा खटाटोप कशाला असं वाटायचं. घरची कार्डं वडील गावच्या मास्तराकडून लिहवून धाडायचे. इटलीत एकदा कंपनीच्या क्लार्कनं मला तंबूमागं नेलं आणि कार्ड वाचून दाखवलं. सूनबाई तापानं गेली. मी गप्प राहिलो म्हणून त्यानं ती ओळ परत वाचली. मला पहिल्यांदाच ऐकू आली होती.

घरी आलो तेव्हा लढाई संपून बरेच महिने झाले होते. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, वडील अंगणातच बसून राहिले. मी माजघरात गेलो. रायफल खुंटीवर होती, बायकोच्या जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेली. वर सुतळीची गाठ. ती गाठ नेहमी उलटी मारायची, सोडणाऱ्याच्या नाकी नऊ यायचे. लग्नात पुरणाच्या डब्याला तिनं मारलेल्या गाठीपायी सगळं वऱ्हाड ताटावर खोळंबलं होतं. भाऊ विळी घेऊन आला. मी त्याला हाकललं आणि खाली बसून नखानं गाठ सोडवली.

रायफल बाहेरून नवरदेवासारखी. दस्ता तेलानं लकाकत होता, माशीवर धुळीचा कण नव्हता. वासावरूनच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. दारात येऊन नळी आभाळाकडं धरली आणि डोळा लावला. पीळ दिसेनात. आत पिवळा अंधार होता.

"आई, हिला काय केलंय?"

"काय केलंय म्हंजे? देवावानी जपलीया तिनं." आई उंबऱ्यावर बसली. "नदीचं पानी आणायची, न्हाऊ घालायची. मग त्या गजाला चिंधी लावून आतनं करडईचं तेल आन् म्हायेरची हळद. म्हनायची, आत्याबाई, बाहीरनं जपून काय उपेग, गोळी तर आतनं जाती."

"खंडेनवमीला?"

"खंडेनवमीला तर करायचीच. पर तुझं कारड आलं न्हाई की काढायची रं. म्हनायची, ही चांगली तर ते चांगलं. आन् तुझं कारड येळंवर कवा आलं?"

"मंग कुनी तिला सांगितलं का न्हाई? मिस्त्र्याला, फौजदाराला, कुनालातरी दावायची व्हती."

"त्या बेचाळीसच्या सालांत?" वडील अंगणातून म्हणाले. "घरात बंदूक हाय म्हणलं की दिसा पोलीस यायचे आन् राती बंदुका मागाया भूमिगत पोरं. आन् दावली आसती तरी तुझी बायकू हात लावू दीत व्हती व्हय? मला बी म्हणाली, मामंजी, लांब."

ज्यांना बंदुकीचं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या काडतुसाचा मळ नळीत कुठंतरी राहतोच, त्याला पाणी मिळालं की गंज धरतो. करडईचं तेल वाळून डिंकासारखं चिकट होतं. त्यात हळद बसली की ओल धरून ठेवते, वाळू देत नाही. एक खंडेनवमी नळीनं सोसली असती. पण ज्या ज्या वेळी मी आफ्रिकेत आणि इटलीत कार्ड टाकायचा कंटाळा केला, ती प्रत्येक वेळ त्या नळीत होती.

दरडीला जाऊन चिंचोका खोचला. पहिली गोळी दरडीला दिली, रीतीनं. दुसरी कुठं गेली ते कळलं नाही. तिसरी हातभर डावीकडं, चौथी वर. मुठीनं फेकलेलं बी जमिनीवर पडतं तशा गोळ्या पडत होत्या. मी चिंचोक्याजवळ गेलो. तो होता तसाच, तुळतुळीत. बांधाकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं.

सांगलीला बंदुका दुरुस्त करणारा एक म्हातारा मिस्त्री होता, त्याच्याकडं गेलो. त्यानं राकेल घालून नळी भिजवली आणि गजानं चिंधी ओढली. चिंधी पिवळी निघाली. परत दुसरी, तीही पिवळी. तो वास घेऊन म्हणाला, "हळद? ही कुठल्या अडाण्यानं घातली?"

"मी घातली."

"फौजी असून?"

"व्हय. फौजी असून."

तो हसला, मग माझ्या तोंडाकडं बघून हसायचा थांबला. म्हणाला, "घासून निघायचं नाही हे. लोखंडच खाल्लंय आतून. मुंबईहून नवी नळी मागवू, दस्ता तुझाच राहील. पुन्हा पहिल्यासारखी मारशील." आणि बोलता बोलता त्यानं तिसरी चिंधी ओढली. ती आधीच्यापेक्षा फिकी होती. मी त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या, मिस्त्री."

"अरे, पण अर्धवट?"

"अर्धवटच ऱ्हाऊ द्या."

तिन्ही चिंध्या मी कोटाच्या खिशात घातल्या. मिस्त्री काय समजायचं ते समजला असेल. लढाईतून परत आलेली विचित्र माणसं त्या दिवसांत त्यानं पुष्कळ बघितली असणार.

त्या वर्षी साताऱ्याची चांदमारी परत भरली. वडील म्हणाले, जाऊ नको. भाऊ म्हणाला, दुसऱ्या कुणाची तरी रायफल मागून घे. पण तिनं ही रायफल ज्या दिवसासाठी जपली होती तो हाच दिवस. दुसऱ्याची बंदूक घेऊन गेलो असतो तर तिचं जपणं वाया गेलं, असं मीच चारचौघांत कबूल केल्यासारखं झालं असतं. मी हीच खांद्याला लावून कराडला गाडी धरली. मनात एक वेडी आशा होती, ती लपवत नाही. वाटत होतं, तिनं एवढं न्हाऊमाखू घातलंय, एक दिवस तरी रायफल ऐकेल.

मेढ्याचा हवालदार भेटला. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, तोंड तेच. "आलास व्हय रं! पेला घासून घासून झिजला की माझा. म्या म्हणलं गडी इटलीची मडम करून तिकडंच ऱ्हायला."

पहिल्या गोळीला निशाणामागचा माणूस लाल झेंडी हलवू लागला, कागदाला लागलीच नाही. दुसऱ्या गोळीला परत झेंडी. माझ्या मागं लोक हसायला लागले. "अहो, मैदान साताऱ्यात हाय, तुमी कराडला मारताय!" कुणीतरी म्हणालं, "लढाईनं डोळं गेलं बिचाऱ्याचं." मी श्वास अर्धा सोडला, अर्धा ठेवला. चाप जसा दाबायचा तसाच दाबला. माझा हात हलला नव्हता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. झेंडी हललीच.

हवालदार माझ्या शेजारी पालथा होता. त्यानं मान वळवली आणि दबक्या आवाजात म्हणाला, "आवाज फाटका येतोय रं. बंदूक बिघडलीया तुझी. माझी घे."

"नगं."

"आरं, येडा का खुळा? लोक हसाया लागल्यात."

"हसू दे."

सगळ्या गोळ्या संपवल्या आणि उठलो. कुणी विचारलं तर मी म्हणत होतो, व्हय, डोळं गेलं. तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान होत होतं.

मैदानाच्या कडेला चिंचेखाली बसलो होतो तेव्हा हवालदार दोन कप चहा घेऊन आला. दुसरा पेला त्यानंच जिंकला होता, तो बगलेत. न विचारता त्यानं माझी रायफल उचलली आणि नळीच्या तोंडावरून बोट फिरवलं. बोटाला पिवळं लागलं. त्यानं ते नाकाशी नेलं.

"घरचीनं?"

मी चहाकडं बघत राहिलो.

"हाय का ती?"

मी मान हलवली. नाही.

त्यानं रायफल माझ्या मांडीवर परत ठेवली, लहान मूल ठेवावं तशी. मग म्हणाला, "माझ्या बी घरातनं एकदा धुतली व्हती. निम्म्यावर धरली म्हणून वाचली. लय वरडलो तिच्यावर, आळीला ऐकू गेलं. दोन दिस जेवली न्हाई ती." कपातला चहा त्यानं गवतावर ओतून टाकला. "तुला वरडाया बी मानूस उरलं न्हाई रं गड्या."

मैदानावर इतके लोक हसले तेव्हा मला काही झालं नव्हतं. त्या एका बोलण्यानं मी मोडलो. तोंडावर फेटा ओढून घेतला आणि बसून राहिलो. तो माझ्याकडं पाठ करून समोर उभा राहिला, लोकांना दिसू नये म्हणून. जाताना पेला द्यायला लागला. मी घेतला नाही. तो रागावला नाही, आणि मैदानावरच्या एकालाही त्यानं कधी काही सांगितलं नाही. साताऱ्यात माझं नाव डोळे गेलेला पलूसचा गडी असंच राहिलं. ते मला परवडलं.

वडलांनी दुसरं लग्न कर म्हणून पुष्कळ सांगितलं. आईनं सांगलीकडच्याच दोन पोरी बघून ठेवल्या होत्या. मी हट्टी म्हणून गावात आधीच प्रसिद्ध होतो, त्यात एक भर पडली. नवी नळी कधी मागवली नाही. काडतुसं होती तेवढी संपली, नवी आणली नाहीत. लायसन पुढं माझ्या नावावर झालं आणि ते मी आजवर चुकवलेलं नाही.

परवा खंडेनवमी झाली. पुतण्याची सून हायस्कूलपर्यंत शिकलेली आहे, पोरगी गुणाची. अंगणात ट्रॅक्टरपासून विळीपर्यंत सगळं मांडलं होतं. मी पाट घेऊन बसलो, रायफल आडवी घेतली आणि पाण्याचा तांब्या मागितला. शेजारी वाटीत करडईचं तेल होतं, दुसऱ्या वाटीत सांगलीची हळद. तिनं तांब्या आणला, पण हातातून सोडेना.

"आबा, लोखंडाला असं पाणी लावू नये. आतून गंजतं ते."

मी तिच्याकडं बघितलं. म्हणालो, "व्हय? मला आजवर कुनी सांगितलंच न्हाई गं."

आणि तांब्या घेतला.